सरकीचा फ्रीज

मित्रांनो, मी एक जुना फ्रीज आहे आणि घोरपडे पेठेत शमशुद्दीन मिस्त्रींच्या अंगणात पाठीवर आडवा पडलो आहे. माझं दार काढून टाकलं आहे. शाळेतून येताना तुम्ही माझ्या कडेवर दप्तरं टेकवता, बुटातली वाळू माझ्यात झाडता, आणि तुमच्यातला एकजण तर मला बाथटब म्हणतो. म्हणू दे. मला राग येत नाही. राग, लोभ, आनंद यातलं फारसं काही माझ्या वाट्याला कधी आलंच नाही. गार राहायचं आणि गार ठेवायचं, एवढ्यासाठी मला बनवलं होतं, आणि ते काम मी इमानेइतबारे केलं.

पण माझी गोष्ट इतर फ्रीजसारखी नाही, म्हणून सांगतो. माझ्यात कधी दूध ठेवलं नाही, आंब्याचा रस ठेवला नाही, कोथिंबिरीची जुडीसुद्धा ठेवली नाही. माझ्या पोटात सारी उमर फक्त सरकी होती. सरकी म्हणजे कापसाचं बी.

कारखान्यात माझा पत्रा वाकवला गेला, त्यावर पांढरा रंग चढला, पाठीला जाळी लागली आणि खाली कॉम्प्रेसर बसला. पहिल्यांदा वीज सोडली तेव्हा मी घुर्र केलं आणि एका कामगाराने माझ्या डोक्यावर थाप मारून 'पास' म्हटलं. माझ्या बरोबरचे भाऊबंद लग्नाच्या आहेरात गेले, हॉटेलांत गेले. मला मात्र पुण्याच्या पश्चिमेच्या एका शेती संशोधन केंद्रात पाठवलं. तेव्हा तिथे शहर पोचलं नव्हतं. केंद्राच्या कुंपणाबाहेर ज्वारी असे आणि आत कापूस.

तिथे मला वैजनाथ गावंडे भेटले. सगळे त्यांना गावंडे सर म्हणत. ते मूळचे वर्ध्याकडचे. उंच, हडकुळे, बोलायला कंजूष. बुशशर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक बारीक चिमटा कायमचा अडकवलेला. तरुणपणी ते गावोगाव पायी हिंडले होते. शेताच्या बांधावर, कुणाच्या परसात, एखाद्या देवळामागे वेगळं दिसणारं कापसाचं झाड सापडलं की त्याची सरकी मागून घ्यायची, कापडाच्या लहानशा पिशवीत भरायची, पिशवीवर नंबर घालायचा. अशा शेकडो पिशव्या त्यांनी पुण्याला आणल्या, उन्हात खडखडीत वाळवल्या आणि माझ्या कप्प्यांत लावून ठेवल्या. मधेमधे निळ्या मण्यांच्या पुड्या ठेवल्या. हे मणी हवेतली ओल शोषतात, आणि ओल फार झाली की गुलाबी पडतात. मणी निळे दिसले की सरांचा जीव भांड्यात पडे.

तुम्ही म्हणाल, कापूस तो कापूस, त्यात शेकडो प्रकार कशाला? मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण सर शिकाऊ मुलांना माझं दार उघडून सांगत, तेव्हा मी ऐके. एका झाडाच्या पानांवर बारीक लव असते, त्यामुळे रस शोषणाऱ्या तुडतुड्या किडींना तिथे बसता येत नाही. दुसऱ्याचं मूळ इतकं खोल जातं की पाऊस महिनाभर दडी मारून बसला तरी झाड कोमेजत नाही. एकाचा धागा आखूड आणि जाडाभरडा, गिरणीवाले त्याला हात लावायचे नाहीत, पण मर रोग आला आणि शेजारची झाडं माना टाकू लागली की हे आपलं ताठ उभं. एकाचा कापूस तर पांढरा नव्हताच, फिकट खाकी होता.

"सगळी झाडं एकसारखी झाली," सर म्हणत, "की एकच रोग येतो आणि सगळ्यांना घेऊन जातो. वेगळेपण हाच आपला खजिना."

एखाद्या वाणाचा चांगला गुण दुसऱ्यात आणायचा असला की सर संध्याकाळी शेतात जात. उद्या उमलणारी कळी हलक्या हाताने सोलत, चिमट्याने तिच्यातले पुंकेसर काढून टाकत आणि तिच्यावर कागदाची टोपी घालत. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या झाडाच्या फुलातले पराग आणून तिला लावत. त्यातून जे बी धरे ते नवं. पण नवं करायला आधी जुनं हाताशी असावं लागतं, आणि ते जुनं माझ्या पोटात होतं. पाहुणे आले की केंद्राचे मोठे साहेब माझ्या डोक्यावर हात ठेवून फोटो काढून घेत. त्या फोटोंत सर कडेला उभे असत, आणि बहुतेक वेळा अर्धे कापले जात.

मग दिवस पालटले. देशाची दारं उघडली असं लोक म्हणू लागले. माझं दार मात्र कमी उघडू लागलं. खासगी कंपन्यांचं चकचकीत पाकिटातलं बियाणं सगळीकडे दिसू लागलं. ते जोमदार होतं, त्याचा धागा लांब होता, शेतकऱ्याला हवं तेच होतं. आखूड धाग्याच्या देशी कापसाला कोण विचारणार? आमचा विभाग बंद झाला. केंद्राची जमीन दुसऱ्या कामासाठी गेली. सरांनी लवकर निवृत्ती घेतली आणि सामानाची विल्हेवाट लागत होती तेव्हा मला मागून घेतलं.

कारकून चष्म्यावरून बघत म्हणाला, "गावंडे, फ्रीज हवाय की आतली सरकी?"

"दोन्ही."

"सरकी कशाला? कर्वेनगरात सरकी खायला म्हैस पाळलीत वाटतं."

 सरांनी बर्फाच्या लाद्यांच्या पेटीत पिशव्या भरल्या, मला टेम्पोत चढवलं आणि रस्ताभर ती पेटी मांडीवर धरून बसले.

आमच्या शेतावर पुढे काचेची मोठी इमारत झाली. गंमत अशी की सरांची मुलगी अपेक्षा शिकून संगणकाच्या नोकरीला लागली ती नेमकी त्याच इमारतीत. एकदा ती जेवताना म्हणाली, "बाबा, तुमच्या विहिरीवर आता आमचं कँटीन आहे. मस्त व्ह्यू आहे, माहितेय?" सरांनी विचारलं, कसला व्ह्यू? ती म्हणाली, "पार्किंगचा." मग सर, ती आणि तिची आई, तिघंही थोडं हसली.

कर्वेनगरच्या त्या फ्लॅटमध्ये मला मागच्या खोलीत जागा मिळाली. घरचा फ्रीज स्वयंपाकघरात होता, लहानसा, सदा ओसंडून वाहणारा. सरांच्या पत्नी दुर्गाबाई उन्हाळ्यात आमरसाचं पातेलं हातात घेऊन माझ्यासमोर येऊन उभ्या राहत.

"अजी, एकच पातेलं. कोपऱ्यात राहील ते."

"नाही वं. ओल लागते बियाले."

त्या पातेलं घेऊन परत जात, पण मला कधी वाईटसाईट बोलल्या नाहीत. उलट माझ्यावर त्यांची माया होती. त्यांचे वडील हिंगणघाटाला जिनिंगमध्ये कामाला होते. तिथे कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं असतात. सरकीचा वास दुर्गाबाईंच्या ओळखीचा होता. कधीकधी त्या मला उघडून नुसता वास घेत आणि दार लावत.

बी गार ठेवलं की बराच काळ टिकतं, पण कायमचं टिकत नाही. मी मरण लांबवतो, टाळत नाही. अधूनमधून पेरून ताजं बी काढावं लागतं. सर दरवर्षी काही वाण सोसायटीच्या गच्चीवर कुंड्यांत लावत. अध्यक्ष वर येऊन म्हणत, "गावंडे साहेब, गच्ची सर्वांची आहे. शेती करायची तर आपण गावी करावी." सर कुंड्या आणखी कडेला सरकवत. कुंड्यांत मावणार किती? बाकीच्या पिशव्या माझ्यात वाट बघत राहत.

विदर्भातल्या एका संस्थेत अभिनव नावाचा तरुण शास्त्रज्ञ होता. पूर्वी तो सरांकडे शिकला होता. त्याच्याकडे बियांसाठी मोठी शीतखोली होती आणि पेरायला जमीनही. तो दर सुट्टीत फोन करी. "सर, द्या ना सगळं. मी पेरून ताजं करतो, निम्मं तुम्हाला परत पाठवतो." सर म्हणत, देईन, आधी मी ताजं काढतो, मग देईन. खरं सांगायचं तर त्यांचा जीव त्या पिशव्यांत अडकला होता. आणि नव्या जमान्यावर त्यांचा विश्वास नव्हता. एकदा बी हातातून गेलं की कुणाच्या नावावर चढेल याचा नेम नाही, असं त्यांना वाटे. म्हणून ते कुणालाच एक बी देत नसत.

अपवाद एकच झाला. माझा गॅस गेला तेव्हा बुधवार पेठेतल्या दुकानातून शमशुद्दीन मिस्त्री आले. काम झाल्यावर चहा पिताना त्यांची नजर गॅलरीतल्या कुंडीकडे गेली. लालसर पानांचं एक झाड होतं, त्याला गुलाबी फूल आलं होतं.

"साहेब, काय झकास फूल आहे हो. माझ्या बायकोला, आबेदाला, कुंड्यांचा फार शौक. चार बिया द्याल का?"

सरांनी कप खाली ठेवला.  मग त्या कुंडीकडे बघून म्हणाले, "त्या झाडात काही नाही. धागा नाही, उत्पन्न नाही. नुसतं शोभेचं आहे. घेऊन जा." आणि त्यांनी खरंच मला उघडून चार बिया काढून दिल्या. शमशुद्दीन मिस्त्रींनी त्या टोपीत ठेवल्या आणि टोपी डोक्यावर.

पुढे बोंडअळीला दाद न देणारं नवं बियाणं शेतांत आलं. सर सकाळी वर्तमानपत्र वाचत आणि घडी घालून बाजूला ठेवत. त्या वर्षी त्यांनी कुंड्यांत काही लावलंच नाही. एके दिवशी माझ्याजवळच्या फोनवरून त्यांनी अभिनवला सांगितलं, "ये. दिवाळी झाली की गाडी घेऊन ये. सगळं घेऊन जा. माझ्या गच्चीत काय होणार, रे?" मी इतक्या वर्षांत त्यांचा आवाज इतका मोकळा झालेला ऐकला नव्हता. त्या दिवशी त्यांनी एकेक पिशवी हातात घेऊन पाहिली. मणी निळेच होते.

दिवाळीच्या आधी दसरा येतो, आणि दसऱ्याच्या आधी खंडेनवमी. त्या दिवशी लोक आपापल्या अवजारांची पूजा करतात. अपेक्षाच्या संगणकावर हळदकुंकू वाहिलं जाई, शिवणयंत्राला, मिक्सरला, स्कूटरला झेंडूच्या माळा पडत. पण दुर्गाबाईंच्या माहेरी जिनिंगमधली रीत जरा कडक होती. तिथे नवमीला यंत्रं धुऊनपुसून बंद ठेवत. ज्याची पूजा केली त्याला त्या दिवशी राबवायचं नाही. दसऱ्याला नारळ फोडायचा आणि मगच खटका दाबायचा. त्यांच्या घरात सगळ्या अवजारांना असा विसावा मिळे. फक्त मला नाही. सर दरवर्षी आडवे येत. "याला नुसतं कुंकू लाव वं. प्लगला हात लावू नको." त्या तेवढंच करत, पण त्यांना ते बोचे. ज्याच्यात नवऱ्याचं सगळं आयुष्य साठवलंय, त्यालाच एक दिवस सुट्टी नाही.

त्या वर्षी सरांचे थोरले भाऊ आजारी होते, म्हणून सर आधीच गावी गेले होते. दुर्गाबाई आणि अपेक्षा नवमीला दुपारच्या गाडीने निघणार होत्या. सकाळी दुर्गाबाई नाहून, नवं लुगडं नेसून माझ्यासमोर आल्या. दीराच्या प्रकृतीसाठी त्यांनी देवाला साकडं घातलं होतं, आणि यंदा पूजेत कसूर करायची नाही असं ठरवलं होतं.

त्यांनी प्लग काढला.

मी थांबलो. इतकी वर्षं माझ्या पोटात जी घरघर होती ती थांबली. त्यांनी सगळ्या पिशव्या बाहेर काढून पाटावर मांडल्या. माझ्यातला बर्फ त्यांना मळ वाटला, म्हणून कोमट पाणी टाकून तो सैल केला, पण सगळा निघाला नाही. मग ओल्या फडक्याने कप्पे पुसले, पिशव्या पुन्हा नीट रांगेत लावल्या आणि प्रत्येक कप्प्यात नुकतं धुतलेलं झेंडूचं एकेक फूल ठेवलं. दारावर हळदकुंकवाची बोटं ओढली, बाहेरून माळ घातली. हात जोडून म्हणाल्या, "घे बाप्पा, तूही बस एक दिवस." आणि दार घट्ट लावलं.

"आई, रिक्षा आली!" अपेक्षाने हाक मारली. "चल ना, ट्रेन मिस होईल!"

त्यांच्या मनात दसऱ्याला शेजारणीला सांगून मला सुरू करायचं होतं. किल्लीसुद्धा शेजारी दिली होती. पण गावी पोचल्या त्या दिवशीच दीर गेले, आणि मग कसली शेजारीण आणि कसला फ्रीज.

मित्रांनो, मी त्या दिवसांबद्दल फार सांगू शकत नाही. मला काही वाटत नव्हतं. राहिलेला बर्फ वितळला आणि थेंबथेंब पिशव्यांवर पडला. बाहेर ऑक्टोबरचं ऊन तापत होतं, आत हवा कोंदट झाली. झेंडू काळे पडले. मणी हळूहळू गुलाबी होत गेले, आणि मी अंधारात त्यांच्याकडे बघत राहिलो.

कोजागिरी उलटून गेल्यावर, तेरावं आटोपून तिघं परत आली. दुर्गाबाई आधी माझ्याकडे आल्या आणि त्यांनी प्लग लावला. मी घुर्र केलं.

"अजी, या ना इकडे. पाहा, तुमचं कपाट कसं लख्ख करून ठेवलं! पूजा केली, विसावाही दिला त्याले. तुम्ही कधी देऊ देत नाही."

सरांनी दार उघडलं. आतून कुबट वास आला. त्यांनी एक पिशवी हातात घेतली. ती दमट होती, आणि बोटांना बुरशी लागली. त्यांनी मण्यांची पुडी पाहिली. मग दुसरी पिशवी, मग तिसरी. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. गार पडलेला चेहरा मला ओळखता येतो. तसा तो होता.

दुर्गाबाई मागे उभ्या होत्या. भावाच्या सुतकातून आलेल्या नवऱ्याला निदान ही एक गोष्ट बरी वाटेल, अशा आशेने बघत होत्या.

"छान केलं वं," सर म्हणाले.

"वास येतो का जरा? धूप घालू?"

"नको. मी पाहतो."

पुढचे दिवस सर मागच्या गॅलरीत ओल्या कापडाच्या गुंडाळ्या करत बसले. प्रत्येक पिशवीतल्या थोड्या बिया एका गुंडाळीत. बी जिवंत असलं की त्यात कोंब येतो. दुर्गाबाईंनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "नेहमीची तपासणी आहे." गुंडाळ्या उघडल्या तेव्हा आत कोंब नव्हते. दोनचार ठिकाणी काहीतरी पांढरं डोकावलं होतं, तेही दुसऱ्या दिवशी सडलं. सरांनी पिशव्या उन्हात वाळवल्या, पूर्वीच्या रांगेत लावल्या, मणी गरम करून पुन्हा निळे केले आणि मला चालूच ठेवलं.

दुर्गाबाई भाजी आणायला खाली गेल्या असताना त्यांनी अभिनवला फोन केला. "येऊ नकोस. बी गेलं. ...हो, सगळं. प्लग सैल होता, माझ्या लक्षात आलं नाही. चूक माझीच. आणि हे बघ, घरी फोन केलास तर काकूंपुढे यातलं काही बोलू नकोस." तिकडून अभिनव काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. सर फोन ठेवल्यावर माझ्या पत्र्याला पाठ टेकून बसले. त्यांची पाठ थरथरत होती. मी चालू होतो, त्यामुळे मीही थरथरत होतो, आणि कुणाची थरथर कुठली हे कळत नव्हतं.

तेव्हापासून मी मेलेलं बी राखू लागलो. सर पूर्वीसारखे रोज सकाळी मला उघडून बघत आणि दार लावत. अपेक्षा लग्न होऊन बंगळूरला गेली. ती आली की म्हणे, "बाबा, ही खोली मोकळी करा ना. एवढा मोठा डबा कशाला?" सर म्हणत, "असू दे. बी आहे त्यात." दुर्गाबाई मान डोलावत. दर खंडेनवमीला त्या एका बोटाने मला कुंकू लावत. त्या वेळी त्यांचा दुसरा हात भिंतीवरच्या बटणावर गच्च दाबलेला असे. सर ते पाहत आणि नजर वळवत. त्या घरात मग फार कुणी मोठ्याने हसलं नाही. दोघं एकमेकांशी अतिशय चांगलं वागत, आजाऱ्याशी वागावं तसं.

मधे एकदा माझा आवाज बिघडला म्हणून शमशुद्दीन मिस्त्री आले. जाता जाता म्हणाले, "साहेब, ते तुमचं शोभेचं झाड भिंतीच्या वर गेलंय की. आबेदा दरवर्षी त्याचा कापूस उशीत भरते. बिया गल्लीत वाटते, ज्याला हव्या त्याला."

सर खुर्चीत बसले. "आहे ते? जिवंत आहे?"

"जिवंत म्हणजे? शेजाऱ्यांच्या तक्रारी येतात, इतकं."

मिस्त्रींनी आठवड्याने एक पिशवी भरून बोंडं आणून दिली. सरांनी त्यातली सरकी हाताने काढली, चिमटा पुन्हा खिशाला लागला, आणि बी अभिनवला पाठवलं. काही दिवसांनी अभिनवचा फोन आला. सरांचे कान तेव्हा मंद झाले होते, म्हणून तो मोठ्याने बोलत होता आणि मलाही ऐकू आलं. "लावतो, सर. हे कशाला उपयोगी पडेल ते आत्ता सांगता येत नाही."

"मलाही सांगता आलं नव्हतं," सर म्हणाले. "मी त्यात काही नाही म्हणून देऊन टाकलं होतं."

एका हिवाळ्यात सर दुपारी झोपले ते उठले नाहीत. तेराव्यानंतर अपेक्षा घर आवरत होती. ती माझ्यासमोर येऊन थांबली आणि रडू लागली. "आई, बाबांच्या बियांचं काय करू? अभिनवदादाला देऊन टाकू का सगळं? बाबांनी किती जपलं होतं हे."

दुर्गाबाई दारात उभ्या होत्या. त्या शांतपणे पुढे आल्या.

"काही देऊ नको कुणाले. ते बी केव्हाच मेलं आहे. मीच मारलं."

अपेक्षाला काही कळेना.

"त्या नवमीले प्लग काढला होता मी. पुढल्या पावसाळ्यात मनात आलं, चार बिया कुंडीत टाकून पाहू. टाकल्या. काही उगवलं नाही. दुसऱ्या पिशवीतल्या टाकल्या. त्याही नाही. मग समजलं."

"मग तू बाबांना बोलली का नाहीस?"

"काय बोलू? मले कळू नये म्हणून तो माणूस रोज सकाळी उठून हे दार उघडून पाहत होता. मी कसं सांगू, की मले माहीत आहे म्हणून?"

अपेक्षाने तिला जवळ घेतलं. दुर्गाबाई रडल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःला सोडवलं, वाकून भिंतीवरचं बटण बंद केलं आणि प्लग काढला. त्या दिवशी ना नवमी होती, ना दसरा.

"बस आता," त्या मला म्हणाल्या. "झालं तुझं काम."

शमशुद्दीन मिस्त्री आणि त्यांचा मुलगा फैज मला घेऊन इथे आले. माझा कॉम्प्रेसर काढून त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी बसवला. मग मला पाठीवर निजवलं, तळाला भोकं पाडली आणि माती भरली. दुर्गाबाई अपेक्षाबरोबर रिक्षाने आल्या होत्या. त्यांनी सगळ्या पिशव्या उघडून ती जुनी सरकी माझ्यातल्या मातीत मिसळली. आबेदाबींनी त्यांचा हात धरला आणि झाडाखाली नेऊन त्यांच्या ओंजळीत ताज्या बिया ठेवल्या. त्या बिया दुर्गाबाईंनी स्वतः बोटाने खोचल्या. चार दिवसांनी माती फुगली आणि वर दोन हिरवी पानं आली. इतकी वर्षं माझ्या पोटात बी होतं, पण उगवलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. ऊन माझ्या पत्र्याला लागत होतं आणि ते मला जाणवत होतं.

आता तुम्हीच सांगा, मित्रांनो, मी काय शिकवणार? मला जपायला आलं, पण जपून काही वाचलं नाही. जे बी घट्ट दार लावून राखलं ते एका भल्या बाईच्या एका पूजेत गेलं, आणि जे हलक्या हाताने देऊन टाकलं तेच उरलं. तुमच्याकडे काही मोलाचं असेल तर ते एकाच कपाटात ठेवून निर्धास्त होऊ नका. शेजारी द्या, गावाला द्या, जो मागेल त्याला द्या, आणि ते पेरलं जातंय ना हे बघा.

येत्या महिन्यात बोंडं फुटतील. माझ्यावरून उड्या मारून झाल्या की प्रत्येकाने चार बिया घेऊन जा. दोन कुंडीत लावा आणि दोन कुणाला तरी द्या. कशाला उपयोगी पडतील, हे मात्र मला विचारू नका. ते सरांनाही ठाऊक नव्हतं.